क्लॅरिनेटचं पान

हार्लेम, १२ मार्च १९११

लुबर्ट,

'प्रिय' लिहायला हात वळला नाही.

गेल्या महिन्यात आम्सटरडॅमला तुझ्या सिंफनीच्या तालमीत क्लॅरिनेट बेसूर वाजलं. वादक हसले, वाद्यवृंदाच्या संचालकांनी तालीम थांबवली. नंतर तुझ्या घरी कॉफीला जमलेल्या पाहुण्यांसमोर तू म्हणालास, "काय करणार! वाद्यांचे कागद आमच्या आलाइडाने उतरवलेत. बिचारीचं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं." तुझ्या बायकोने माझ्या बशीत एक बिस्किट ठेवलं आणि डब्याचं झाकण लावलं.

आता ऐक. ते क्लॅरिनेट लिहिल्यापेक्षा एक स्वर खाली वाजतं, म्हणून त्याचे सूर कागदावर एक स्वर वर लिहावे लागतात. शिकाऊ माणसालाही हे ठाऊक असतं. तू मात्र दर वेळी विसरतोस. चौदा वर्षं तुझ्या वहीतून एकेका वाद्याचे कागद उतरवताना मी ती चूक मुकाट्याने दुरुस्त करत आले, आणि वर्तमानपत्रं तुला काटेकोर म्हणत आली. नाताळात मी एक दुरुस्ती सुचवायला गेले, तर म्हणालास, "ताई, तू नुसती नक्कल कर. अक्कल माझी आहे."

म्हणून या वेळी नुसती नक्कल केली.

आज तुझी तीच वही परत आलीय. सोबत चिठ्ठी: "संचालकांनी शेवटची संधी दिलीय. सगळे कागद पुन्हा उतरव, आणि या वेळी लक्ष दे." मी लक्ष दिलं. क्लॅरिनेटचं पान जसंच्या तसं आहे. स्वतःचं लिहिलेलं तू उघडूनसुद्धा पाहिलं नाहीस.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. टाकलं तर वही उघडून पाहशील, आणि मला तर पुन्हा नुसती नक्कल करायची आहे.

तुझ्या हुकमातली,
आलाइडा