मधलं काही आठवत नाही

रविवार, मार्च १९५८. डिलाईल रोड.

सकाळी वाचनालयातल्या मासिकात वाचलं, अणू हळूहळू चढत नाही. प्रकाशाची आंदोलनं नेमक्या ठेक्यात आली की तो एकदम वरच्या पायरीवर असतो, मध्ये कुठेच नसतो. ठेका चुकला तर प्रकाश कितीही प्रखर असो, व्यर्थ. आणि एकमेकांना धरून असलेले पुष्कळ अणू असले तर? कुसुम यंदा इंटर सायन्सला आहे, तिला विचारलं. हसली. "आई, एकाच्याच गणितात आमच्या सरांना घाम फुटतो!"

संध्याकाळी पोरीला सोबत म्हणून संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला गेले. हे मोर्च्यात गोळी लागून गेले, तेव्हापासून ती घोषणा मी तोंडातून काढलेली नाही. शाहिरांनी डफ धरला, सगळं मैदान एका ठेक्यात "झालाच पाहिजे" म्हणू लागलं. मी गप्प होते. मग ओरडत होते. मधलं काही आठवत नाही. डफ तेवढा आठवतो.

"आई, तू?" कुसुम बघतच राहिली.

एकटी असते तर ओरडले नसते. मग ओरडलं कोण, मी की मैदान? ह्यांच्यासाठी ओरडले म्हणावं, तर त्या घटकेला हे मनात नव्हतेच. दोन वर्षांत पहिल्यांदाच नव्हते. त्याचं वाईट वाटून घ्यावं की नाही, तेही कळत नाही.