छातीच्या फोटोची पट्टी

कोंढा, ता. पवनी
२ ऑक्टोबर २०२२

चि. सौ. ज्योत्सनास सेवकरामचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं गणपतीतलं पत्र मिळालं. नेहमीप्रमाणे ओळी शेताच्या धुऱ्यासारख्या, बांधासारख्या वाकड्या गेल्या आहेत आणि मधले दोन शब्द तू गिळले आहेस. लहानपणी वाचताना शब्द गाळायचीस, आता लिहिताना गाळतेस. गुरुजीची बहीण म्हणून सांगायची सोय नाही. फोन केला असता, पण तुमच्याकडे फोन स्पीकरवर लावतात आणि माझं अर्धं बोलणं तुझ्या सासूबाई उषाबाईच ऐकतात. त्यापेक्षा पत्र बरं.

मोठी बातमी म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, २५ तारखेला, सूर्यग्रहण आहे. पावणेपाचच्या सुमारास लागतं आणि सूर्य ग्रासलेलाच मावळतो. पंच्याण्णवचं ग्रहण तुला आठवतच असेल, तेही दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आलं होतं. बाबांना जाऊन सहा महिने झाले होते. मला नोकरी लागून वर्ष व्हायचं होतं. बायाबाई आत्याने गावची पोरं घरात कोंडायचं ठरवलं होतं, आणि मी बाबांच्या छातीचा फोटो कापून, एकेकाच्या हाती एक्स-रेची पट्टी देऊन, सत्तावीस पोरं तलावाच्या पाळीवर उभी केली होती. आजही कुणी मला ग्रहणवाले गुरुजी म्हटलं की बरं वाटतं, खोटं कशाला बोलू?

उरलेल्या पट्ट्या ट्रंकेत आहेत, पवनीहून आणखी जुने एक्स-रे जमवले आहेत. दिवाळीला कामिनीला पाठव. तू तेव्हा होतीस तेवढीच, दहा वर्षांची, ती आता झाली आहे. बाबांचं हृदय असलेली पट्टी मी तेव्हा तुला दिली होती, तीच तिच्यासाठी वेगळी काढली आहे.

भाऊबीजेला मी येतोच. यंदा मात्र ओवाळताना माझ्याकडे बघ. दरवर्षी माझ्या कानापलीकडे बघून ओवाळतेस, तिथं काय दिसतं तुला देव जाणे.

माया आहे तशीच राहू दे, अक्षर तेवढं सुधार.
तुझा दादा,
सेवकराम

कारधा
६ ऑक्टोबर २०२२

ती. दादास ज्योत्सनाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दसऱ्याच्या आदल्या दिवशी आलं आणि तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही. काल एका ब्लाऊजची बाही उलटी शिवली. गिऱ्हाईक हसलं, मला हसू आलं नाही.

दादा, एक्स-रेतून सूर्य दाखवू नकोस. काळा भाग असला तरी नाही, दोन एकावर एक धरले तरी नाही. डोळे दिपत नाहीत म्हणून माणसाला वाटतं सगळं ठीक आहे, आणि नको तो प्रकाश आत जातच असतो. आत डोळा भाजला तरी दुखत नाही. दुखलं असतं तर कुणी पाहिलंच नसतं. काजळी लावलेली काच, उन्हाचा गॉगल, ताटातल्या पाण्यात पडलेला सूर्य, यातलं काहीच चालत नाही. मावळतीचा सूर्य लाल झाला तरी तो सूर्यच. ग्रहणासाठीचे खास चष्मे मिळतात ते नागपूरहून मागव. नाहीतर बारीक भोकातून सूर्याचा कवडसा भिंतीवर पाड आणि पोरांना सूर्याकडे पाठ करून उभं कर.

मला हे कुणी सांगितलं ते विचारू नकोस. कामिनीचं यंदा जमेलसं वाटत नाही. तिला सर्दी आहे.

रागावू नकोस आणि नेहमीसारखं आपली म्हण.
तुझी,
ज्योत्सना

कोंढा
१० ऑक्टोबर २०२२

चि. सौ. ज्योत्सनास अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

पोरीला पंधरा दिवस आधीच दिवाळीची सर्दी झाली, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. सरळ लिही ना, की उषाबाईंनी ग्रहण पाळायला सांगितलं आहे. सासरी गेल्यावर माणूस बदलतो म्हणतात, पण माझी बहीण बदलेल असं वाटलं नव्हतं.

तू पोरगी पाठवणार नाहीस, ही बातमी आत्याला कशी लागली कोण जाणे. ऐंशीची झाली तरी कान शाबूत आहेत तिचे. परवा चावडीसमोर सगळ्यांना सांगत होती, की गुरुजीच्या बहिणीलेच पटलं, आता तरी पोट्टे घरात ठेवा. मी मान खाली घालून घरी आलो.

चष्म्यांचं तू लिहितेस ते ठीक आहे, मागवले तरी चाळीस पोरांना कसे पुरायचे? आणि त्या दिवशी सत्तावीस पोरं होती. सत्तावीस वर्षं झाली, एकाचाही डोळा बिघडला नाही. एकाचं नाव सांग, सगळ्या पट्ट्या चुलीत घालतो.

राग आला आहे, पण आशीर्वाद खरे आहेत.
सेवकराम

कारधा
१४ ऑक्टोबर २०२२

ती. दादास शि. सा. न.

तू नाव मागितलंस. ज्योत्सना.

चार दिवस हे कागदावर उतरवायचं टाळत होते. फोटोत फुप्फुस काळं येतं आणि हृदय पांढरं, हे तुला माहीत आहे. बाकीच्या पोरांना काळे तुकडे आले. मी धाकटी, लाडकी, म्हणून तू बाबांचं हृदय असलेली पट्टी मला दिलीस. त्यातून सूर्य अगदी स्वच्छ दिसत होता, कुणीतरी कडेला चावा घेतल्यासारखा. बाकीचे धूसर दिसतं म्हणून कुरकुरत होते आणि मी खूश होते. आधी उजव्या डोळ्याने पाहिलं, मग डाव्याने. मंगरूने मागितली तर थोडा वेळच दिली. काहीसुद्धा दुखलं नाही.

संध्याकाळी आईने दिवा लावला तर ज्योतीच्या जागी काळा ठिपका दिसला. वाटलं, झोपून उठले की जाईल. लहान झाला, गेला नाही. उजव्या डोळ्यात मसुराएवढा आहे, डाव्यात राईएवढा. ज्याच्याकडे सरळ पाहावं ते पुसलं जातं, बाजूला पाहिलं की दिसतं. म्हणून शब्द गळतात. म्हणून मी तुझ्या कानापलीकडे बघते, दादा. तुझं तोंड दिसावं म्हणून.

तेव्हा सांगितलं असतं तर आत्या म्हणाली असती, बघा, पोरीला ग्रहण लागलं. पुन्हा कुणी तुझं ऐकलं नसतं. तू त्या दिवशी इतका आनंदात होतास की माझी जीभ रेटली नाही. पुढे पाचवीत शब्द गाळले म्हणून तू हातावर छडी मारलीस, तेव्हाही मी बोलले नाही. राग आला नाही असं लिहिलं तर खोटं होईल. आला. दहावीत नापास झाले तेव्हा तर फार आला. बारा वर्षांपूर्वी भंडाऱ्याला डोळ्यांचं शिबिर होतं, तिथल्या डॉक्टरांनी पहिल्याच फटक्यात विचारलं, लहानपणी सूर्याकडे पाहिलं होतंस का? आता यावर इलाज नाही म्हणाले. कामिनीच्या बाबांना, खुशालना, तेवढं सांगितलं. आणखी कुणाला नाही.

तुला लागावं म्हणून लिहिलं नाही. कामिनीची सर्दी खोटी होती म्हणून लिहिलं.

तुझीच,
ज्योत्सना

कारधा
२२ ऑक्टोबर २०२२

ती. दादास सा. न.

आठ दिवस झाले, तुझं उत्तर नाही. फोन केला की वहिनी सांगते, शेतात गेले, तलावावर गेले, आंघोळीला गेले. माणूस आठ दिवस आंघोळ करत नाही. पत्र मिळालं की नाही तेवढं तरी कळव. हातात सुई धरवत नाही, दारात पायरव झाला की उठून बघते.

खुशाल म्हणाले, पोरीला घरीच ठेव. मी खूप विचार केला आणि तिला पाठवते आहे. हे पत्र तिच्याच हाती देते. तुझ्यावर माझा भरवसा उरला नाही, असं तुला वाटायला नको. तू काय ठरवलंस मला ठाऊक नाही. मंगळवारी संध्याकाळी माझा जीव थाऱ्यावर नसेल, हे मात्र ध्यानात ठेव.

तिच्या हातात ती पट्टी देऊ नकोस. बाकी जे द्यायचं ते दे.

तुझी,
ज्योत्सना

कोंढा
२७ ऑक्टोबर २०२२, सकाळ

चि. सौ. ज्योत्सनास आशीर्वाद. कुठल्या तोंडाने देतो, मलाच कळत नाही.

आधी तुझ्या जिवाचं. कामिनीचे डोळे चांगले आहेत. तिने सूर्याकडे एकदाही पाहिलं नाही.

तुझं चौदा तारखेचं पत्र वेळेवर मिळालं होतं. दोन दिवस मी जेवलो नाही. मग उठून घरोघर फिरलो. त्या सत्तावीसांतले तू धरून दहाजण जवळपास आहेत, नऊ जणांना गाठून विचारलं. आठजण ठीक आहेत. मंगरूच्या उजव्या डोळ्यात ठिपका आहे. त्याला वाटायचं, तलावात मासे धरताना पाण्यावरच्या उन्हाने झालं असेल. जाळ्याची गाठ दिसत नाही म्हणून तो बोटांनी चाचपून विणतो. मी माफी मागितली, तर तोच मला चहा पाजून म्हणाला, जाऊ द्या गुरुजी. तुला काय लिहू, मला सुचत नव्हतं. माझी चूक झाली, ज्योत्सना. सांगणारा मीच होतो, शहाणा मीच होतो, आणि तुझ्या हाती सगळ्यांत वाईट पट्टी मीच दिली.

चष्मे मागवायला उशीर झाला होता. मंगळवारी चारला समाजमंदिराच्या चुन्याच्या भिंतीपाशी सगळी पोरं बसवली, मोठी माणसंही आली. त्यांच्यासमोर पट्टी वर धरून तुझी आणि मंगरूची गोष्ट सांगितली. दोघांना विचारूनच सांगायला हवी होती, मंगरूला विचारलं, तुला नाही. तेही माफ कर. मी म्हणालो, ग्रहणाने यांचे डोळे नेले नाहीत, मी नेले. मला वाटलं, आता आत्या जिंकली. ती काठी टेकत उठली आणि घरात गेली. वेध लागल्यापासून भांड्याला हात न लावणारी ती म्हातारी बुंदीचा झारा घेऊन आली. सगळ्यांना म्हणाली, "पोट्टेहो, गुरुजी खरं बोलून राह्यला. आयका त्याचं."

मी तो झारा भिंतीपासून पाच-सहा हात लांब उन्हात धरला आणि भिंतीवर एकदम चाळीस-पन्नास सूर्य पडले, सगळे एकाच बाजूने खाल्लेले. पोरांची सूर्याकडे पाठ होती. मध्येच कामिनी मागे वळायला लागली तसा मी झारा टाकून तिच्यासमोर उभा राहिलो. ती म्हणाली, मामा, मी तुमालेच पाहून राहिली होती.

पट्ट्या चुलीत घातल्या. हृदयाची मात्र चुलीत घालवेना. ती खिशात आहे.

काल रात्रभर माझ्या चष्म्याच्या दोन्ही काचांवर मधोमध काजळाचा ठिपका लावून तुझी पत्रं वाचत बसलो. दुसऱ्याच ओळीला मान आपोआप वाकडी झाली. वीस वर्षं मी ज्या ओळींना हसलो त्या वाचताना मलाही शब्द सापडेनात. हे पत्र म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. सोबतच्या वहीत जाड शाईने ओळी आखल्या आहेत. उपयोग नसला तर टाकून दे.

आज दुपारपर्यंत बीज आहे. समोर येऊन हे बोलता आलं नसतं, म्हणून कामिनीला पत्र देऊन पुढे पाठवतो आणि मी कारध्याच्या थांब्यावर बसतो. बोलवलंस तर येईन. नाही बोलवलंस तर परतीची गाडी धरीन, आणि तुझं काही चुकलं असं मनात आणणार नाही.

लोभ मागायचा हक्क आता उरला नाही, तरी मागतो.
तुझा,
सेवकराम

(आखलेल्या वहीचं पहिलं पान, कामिनीच्या हाती)

ती. दादास सा. न.

माझी गोष्ट न विचारता सगळ्या गावाला सांगितलीस, त्याबद्दल मी तुझ्याशी दोन दिवस भांडणार आहे. त्यासाठी तरी घरी ये. ताट कधीचं तयार आहे, थांब्यावरचा चहा पुरे.

पट्टी खिशात चुरगाळू नकोस. सूर्य पाहायला ती कधीच नव्हती, बाबांची आहे. त्यांच्या तसबिरीमागे ठेवू.

तुझ्या ओळी फार जाड झाल्या आहेत, पण दिसतात.

ओवाळताना हलू नकोस. मी कानापलीकडेच बघेन. तिथून तू नीट दिसतोस.

ज्योत्सना