विरळ हवेबाबत माझे निवेदन

प्रिय भिंगरीस,

मी, तुझा जन्मदाता, वय वर्षे सत्त्याहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, धंदा सायकल दुरुस्ती व चाकांत हवा भरणे, राहणार तुझ्या माहेरी, हे पत्र स्वहस्ते व पूर्ण शुद्धीवर असताना लिहीत आहे. गेल्या रविवारी तू आईला फोनवर म्हणालीस, "बाबा काही येणार नाहीत गं. त्या चेंडूचा राग अजून नाकावर आहे त्यांच्या." फोनचा आवाज मोठा होता आणि मी शेजारीच नखे कापीत बसलो होतो. सदर विधानाबाबत माझे म्हणणे लेखी नोंदविणे मला आवश्यक वाटते.

प्रथम चेंडूविषयी. माझ्या दुकानातून मऊ चाक आजवर बाहेर गेलेले नाही. मग नातीला वाढदिवसाचा चेंडू चपटा कसा पाठवावा? टपालातल्या बाई म्हणाल्या, "आजोबा, हवा काढा की, पार्सल केवढं झालंय!" मी नकार दिला. टणक भरला, अंगठ्याने दाबून पाहिला आणि रवाना केला. तो डोंगर चढता चढता फुगत गेला आणि तुझ्या दारात पोचेपर्यंत उसवला, यात हवेचा दोष नाही. शिवण निकृष्ट होती. तू हसलीस. मागे तुझ्या डोंगरावरच्या हवा तपासणी केंद्रातली मंडळीही हसली. मी फोन ठेवला. इतपत खरे आहे. त्यावर तुझी आई म्हणाली, "जन्मभर चाकांत हवा भरली, थोडी डोक्यातही गेलीच की."

दुसऱ्या दिवशी तू पुन्हा फोन करून जे समजावलेस ते मात्र मी लक्षात ठेवले आहे. हवेचे रेणू बंदुकीच्या गोळीच्या वेगाने धावतात, परंतु केसाच्या जाडीइतकेही सरळ जाऊ शकत नाहीत. तेवढ्यात त्यांच्या शेकडो धडका होतात. खाली, वरच्या सगळ्या हवेचा भार डोक्यावर असल्यामुळे त्यांची दाटी. तुझ्याकडे तो भार कमी, म्हणून ते सैल. एकाला दुसरा भेटायचा तर अधिक लांब जावे लागते. प्राणवायूचा वाटा तिथेही पाचातला एकच, फक्त प्रत्येक घास लहान. हे ऐकताना मी "हं" एवढेच म्हणालो, कारण मला त्या वेळी आपले घर आठवत होते. दोन खोल्या, तुम्ही चार भावंडे, आजी आणि आम्ही दोघे. सकाळी न्हाणीघराच्या दारात धडका, जेवताना कोपराला कोपर. तू तर उंबऱ्यापासून खिडकीपर्यंत कधी सरळ गेली नाहीस, म्हणूनच तुला भिंगरी म्हणू लागलो. मी ओरडत असे, "अरे, जरा माणसाला श्वास घेऊ द्या!" आता त्याच खोल्यांत श्वासाला भरपूर जागा आहे. तुझी आई आणि मी एकमेकांना न धडकता अख्खा दिवस काढू शकतो. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली की मी मुद्दाम पाणी प्यायला जातो.

इकडील वर्तमान असे. दुकान मी सकाळीच उघडतो. पंप आता यंत्राचा आहे. हाताने मारण्याची गरज उरलेली नाही, ही गोष्ट बरी झाली. जिना चढताना मध्ये थांबावे लागते, पण पायऱ्या मुळातच उंच बांधल्या आहेत. समोरचा शिंपी रोज विचारतो, "काय, लेक काय करते तिकडे डोंगरावर?" मी सांगतो, हवा बाटलीत भरते. तो म्हणतो, "म्हणजे धंदा घरचाच!" त्याला काय कळणार? हवेचा नमुना घेताना तू नळीची काठी उंच धरून वाऱ्याकडे तोंड करून उभी राहतेस, श्वास रोखून धरतेस, कारण आपला एक निःश्वास जरी काचेच्या फुग्यात गेला तरी दिवसाची मेहनत वाया. हे मी त्याला दोनदा सांगितले. दोन्ही वेळा त्याच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून त्याने ऐकून घेतले.

आता मुख्य मुद्दा. मार्च महिन्यात आम्ही तुझ्या मावशीकडे गेलो होतो असे तुला कळविण्यात आले होते. ते असत्य आहे. आम्ही तुझ्याकडे निघालो होतो. अचानक दारात उभे राहायचे, असे ठरले होते. शेवटून दुसऱ्या थांब्यावर मी बसमधून उतरलो आणि मला पुन्हा चढता येईना. ओठ निळे पडले, असे तुझी आई सांगते. चालकाने मला कठड्यावर बसविले. म्हणाला, "आजोबा, डोंगराशी हुज्जत घालू नका." तिथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि बजावले, "यापुढे वर जायचं नावही काढायचं नाही." तुझ्या आईला मी म्हटले, तू जा, मी थांबतो. ती म्हणाली, "दोघं निघालो, दोघं परत." परतीची बस येईपर्यंत वरचा तुमच्या केंद्राचा पांढरा घुमट स्पष्ट दिसत होता. गच्चीवर कोणी एक व्यक्ती काठी उंच धरून उभी होती. तुझी आई म्हणाली, "पाण्याच्या टाकीवाला असेल." ती तूच होतीस असे मी धरून चालतो. तुझ्याबरोबर मीही श्वास रोखला. रोखण्याजोगा फारसा नव्हता. हातही केला. मी आलो नाही, असे तू पुन्हा म्हणू नयेस म्हणून हे लिहिले. मी आलो होतो. याहून वर मला येता येत नाही. आजवर गिऱ्हाइकालासुद्धा मी कधी 'ये' म्हटलेले नाही. तुला म्हणतो. नातीला घेऊन खाली ये.

तुझाच,
बाबा

घटनेच्या वेळी समक्ष हजर: तुझी आई, बसचालक, डॉक्टरीणबाई.

पत्र लिहिताना हजर: फक्त तुझी आई. तिने मजकूर वाचून साक्षीदार म्हणून सही करण्यास नकार दिला. कारण विचारता म्हणाली, "ये म्हटलंत, पण कधी?" सबब शेवटच्या ओळीत 'खाली' या शब्दापूर्वी 'लवकर' हा शब्द वाढविला आहे असे समजावे. त्यानंतर तिने सही केली.