पहाटेचा दुसरा गिअर

आजरा,
५ डिसेंबर १९९९

ती. बाळासोमामांस,
सप्रेम जयभीम. घरी सर्व खुशाल, फक्त मी आणि गाडी सोडून.

तिघांनी वापरून झालेली ही व्हॅन घेतली, तेव्हा तुम्ही म्हणालात, कॉलेज अर्ध्यात सोडलंस, आता गाडी तरी पुरी चालव. चालवतोय की! पण पहाटेच्या थंडीत दुसरा गिअर पडतच न्हाय. डी.एड.च्या पोरींना गडहिंग्लजला सोडतो, तर पहिल्यावरच बोंबलत जावं लागतं, तेही नेमकं आकाराम गुरुजींच्या दारावरनं. त्यांची पोरगी क्रांती याच गाडीला असते. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, मी काय लिहू?

गुरुजी म्हणाले, पोरीला बघायला मुद्दाम रेंगाळतोस. माझं डोकं सटकलं. या, बसा आणि तुम्हीच घाला गिअर, असं चारचौघांत ओरडून आलो. आता क्रांती एसटीनं जाते. मेस्त्री दुपारी आला, तर गिअर लोण्यागत पडला. वर तोच हसला. मामा, थंडीत आत नेमकं होतं काय? विचार करून डोस्कं फिरलंय. आईला कळवू नका.

आपला तापट भाचा,
प्रसेनजीत

कबनूर,
११ डिसेंबर

चि. प्रसेनजीत,
अनेक आशीर्वाद.

प्रेम आणि गिअर दोन्ही अडकलंय म्हणतोस. मला त्यातलं एकच सोडवता येतं. आमच्या यंत्रमागाला कुणी चुकून जाड तेल घातलं, की थंडीत माग आठ वाजेपर्यंत लंगडतो. झिजलेल्या गिअरचा आवाज दबावा म्हणून जुनी गाडी विकताना काहीजण असलंच तेल भरतात. तुझ्या गाडीत कुठलं आहे? थोडं काढून दोन बाटल्यांत भर. एक रात्रभर अंगणात ठेव, एक चुलीजवळ. सकाळी कलंडवून बघ. आणि एकटा बघू नकोस. गुरुजी विज्ञान शिकवतात ना? पण ओरडत नको, जयभीम घालून जा. मामी म्हणते, आधी केस विंचर.

काय झालं ते लगेच कळव, आमचा जीव टांगून ठेवू नकोस.
बाळासोमामा

आजरा,
२० डिसेंबर

ती. मामांस,
सप्रेम जयभीम. शनिवारी केस विंचरून गेलतो.

चुलीजवळचं तेल भळाभळा वाहिलं. अंगणातलं, बाटली उपडी केली तरी काकवीगत बुडाला चिकटून! गुरुजी राग विसरले. त्यांनी क्रांतीला हाक मारून ती गार बाटली तिच्या ओंजळीत दिली. तिच्या हाताची ऊब लागली तसं तेल हळूहळू सुटलं. गुरुजी म्हणाले, पहाटेचा दोष तुझा न्हाय, तेलाचा.

मी छाती फुगवली. तेवढ्यात त्यांनी विचारलं, मग दुपारी परतताना गाडी तापलेली असते, तेव्हा माझ्या दारात का रेंगाळते?

मामा, याला माझ्याकडं बाटली नव्हती. खरं सांगितलं, की दुपारचा दोष माझा. मार पडेल असं वाटलं. गुरुजींनी बाटलीचं बूच घट्ट लावलं. मग म्हणाले, आधी तेल बदल.

काल बदललं. आज पहिल्या झटक्यात गिअर पडला. क्रांती गाडीत होती. गुरुजीही होते, पुढं, माझ्या शेजारी. ते उतरून पुढं गेल्यावर क्रांती खिडकीशी आली आणि म्हणाली, सकाळी उशीर नको. दुपारी मात्र घाई करू नकोस.

मामींना जयभीम. तुमची माया आहेच, तिला तेलागत थंडी लागू देऊ नका.
तुमचाच,
प्रसेनजीत