पक्की वही

३ मार्च, सोमवार

बाईंनी वही नव्याने लिहून काढली. अख्खी!

गोळ्यांच्या कारखान्यातल्या या बाई. पाकिटं तपासायचं काम, बारा वर्षांची नोकरी, आणि एका चिठ्ठीवर घरी बसवलं. आरोप असा की तीनदा न विचारता काम सोडून गेल्या. त्यांचं म्हणणं, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं होतं, तिन्ही वेळा सुपरवायझरला विचारलं, तो ‘जा’ म्हणाला. आता तो कानांवर हात ठेवतो.

कुरबुरी सुरू झाल्या तेव्हाच त्या माझ्याकडे आल्या होत्या. प्रत्येक अशिलाला सांगते तेच त्यांनाही सांगितलं — रोजच्या रोज लिहा. किती वाजता, कोण काय म्हणालं, शेजारी कोण होतं.

आज वही आणली. समास आखलेला, एकच निळी शाई, एक खाडाखोड नाही. शाळेत कच्च्या वहीतून पक्क्या वहीत उतरवायचो, अगदी तसं. कोर्टात द्यायची म्हणून रविवारी बसून चांगल्या अक्षरात काढली म्हणे! कंपनीचे वकील पहिल्या पानावरच ती उडवून लावतील. मी कपाळाला हात लावला. बाई मात्र शाबासकीची वाट बघत बसल्या होत्या.

४ मार्च

जाताना काल बाई म्हणाल्या होत्या, “नोकरी गेली तर गेली, दुसरी बघीन. पण बारा वर्षांनी खोटारडी म्हणून बाहेर पडायचं नाही मला.” दिवसभर तेच डोक्यात.

५ मार्च

आज बाईंना परत बोलावलं. ऑफिसातल्या टायपिस्टबाई मध्येच काहीतरी सांगत होत्या, त्यांना थांबवलं. विचार करायला जरा शांतता लागते. आणि मग एकदम सुचलं! विचारलं, ही पक्की वही, मग कच्चं कशावर लिहिलं होतं?

खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर! नापास झालेली खोकी फाडायची, त्यातला तुकडा खिशात, जेवणाच्या सुट्टीत मागच्या कोऱ्या बाजूला लिहायचं. प्रत्येक खोक्यावर त्या दिवसाची तारीख छापलेली. देवा! असा पुरावा मागून मिळत नाही.

“मग ते पुठ्ठे कुठेत?”

बाई चाचरल्या. सासूबाईंनी स्वयंपाकघरातल्या खणांत अंथरलेत.

६ मार्च

सतरा पुठ्ठे. काहींना तेलाचे डाग, एकाला हळदीचा वास. सासूबाईंनी चमचे काढून द्यायला कटकट केली म्हणे. खण उघडे पडले ना त्यांचे.

पुठ्ठे आणि वही शेजारी ठेवून वाचलं. वहीत : ‘साहेबांना विचारून गेले.’ पुठ्ठ्यावर : ‘११.४०. विचारलं. म्हणाले, जा बाई, म्हातारीचं रडगाणं रोजचंच. मशिनवाली शेजारी.’ मशिनवालीचं नाव वहीत नाहीच! विचारलं तर म्हणाल्या, तिच्या पोटावर पाय नको म्हणून गाळलं. आणि साहेबांचे शब्द? “असं वाईटसाईट कसं लिहायचं पक्क्या वहीत?”

धन्य आहे. म्हणजे कामाचं तेवढंच नेमकं पुसून टाकलं.

मशिनवालीने दोन महिन्यांपूर्वीच ती नोकरी सोडली आहे. साक्ष द्यायला मोकळी. टायपिस्टबाईंनी फोनवर फोन करून तिला हुडकली.

१० मार्च

टायपिस्टबाईंनी पुढच्या आठवड्याची सुट्टी मागितली. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन. सुनावणी तोंडावर आलेली. समजावून सांगितलं, थोडं पुढे ढकला. त्यांनाही पटलं. आठ वर्षं आहेत माझ्याकडे, समजूतदार बाई.

१३ मार्च

पुठ्ठ्यांच्या प्रती, तारखांचा तक्ता, मशिनवालीचा जबाब. सगळं तयार. घरी ह्यांना उत्साहाने सांगत होते तर म्हणाले, “आमटीत मीठ कमी आहे, हे आता तोंडी सांगू की पुठ्ठ्यावर?”

१८ मार्च, मंगळवार

सुनावणी. वही मी स्वतःच आधी पुढे केली. सांगितलं, ही नंतर लिहिलेली प्रत आहे, आम्ही हिच्यावर विसंबून नाही. कंपनीचे वकील हिच्याचसाठी तयारी करून आले होते! मग पुठ्ठे काढले. तेच वकील म्हणाले, पुठ्ठा त्या दिवसाचा असेल, अक्षर नंतरचं नाही कशावरून? बरोबर आहे. मी त्यांच्या जागी असते तर हेच विचारलं असतं. पण मग मशिनवाली उभी राहिली. शांतपणे म्हणाली, मी शेजारी होते, साहेब ‘रडगाणं’ म्हणाले, आणि ही तिथेच बसून पुठ्ठ्यावर लिहीत होती, मी तिला हसले होते.



२७ मार्च, गुरुवार

जिंकलो! बाईंना परत कामावर घ्यायचं, त्याच जागी. निकालात एक वाक्य आहे — त्यांचं म्हणणं खरं धरण्याजोगं आहे. ते त्यांनी मला तीनदा वाचायला लावलं. मग पदर तोंडाला लावून रडल्या. मीही, थोडी.

ऑफिसात सगळ्यांना पुठ्ठ्यांची कल्पना मला कशी सुचली ते सांगितलं. टायपिस्टबाई पाणी देत होत्या, हसल्या. उद्याची सुट्टी मागितली, लगेच दिली.

२८ मार्च

स्टेपलरच्या पिना शोधायला टायपिस्टबाईंचा खण उघडला. आत एक वही. दुमडलेली, चार रंगांची शाई, खाडाखोड. वाचायला नको होती.

‘५ मार्च. ११.१५. मी म्हटलं, आधी कशावर लिहिलं ते विचारा. मॅडम : तुम्ही टायपिंगचं बघा. मग तेच विचारलं. हजर : गोळ्यांच्या कारखान्यातल्या बाई.’

‘१० मार्च. ३.१०. सुट्टी मागितली. मॅडम : तुमच्या आईचे डोळे थांबतील, माझी केस थांबणार नाही. हजर : कुरिअरवाला.’

म्हणाले होते मी. अगदी याच शब्दांत.

घरी येऊन ही वही काढली, १० मार्चचं पान उघडलं. ‘समजावून सांगितलं. त्यांनाही पटलं.’ सुंदर अक्षर. एक खाडाखोड नाही.

कोर्टात पाच मिनिटं टिकणार नाही.