गणूच्या पाकिटातली अफरातफर

२ मार्च, रवि.
वाटूरला जाऊन आलो. आमच्या रोलिंग मिलचा गणू भट्टीवर भाजून गेला, त्याच्या बायकोला, रेखावहिनीला, पाकीट दिलं. चाळीस गड्यांनी एकेक दिवसाची हजेरी सोडलेली. सुपरवायझरनं (सु.) माझ्यासमोर पिना मारून दिल्तं, गाडी माझ्याकडं म्हणून. काल दहावा, कालच द्यायचं होतं. रस्त्यात एका गावी कुस्त्या लागलेल्या. बसलो. मुक्कामच पडला.

६ मार्च, गुरु.
वहिनीचा मिलमधे फोन. पाकिटात अकरा हजार निघाले. हजेरी सोडलेल्यांच्या यादीवर वीस. सु. सगळ्यांसमोर, "काय पैलवान, नऊ हजाराचा खुराक खाल्ला का?" गडी हसले. आपलेच गडी! मी मोजून घेतले न्हाईत, ती चूक माझी. साल्याला बराबर माहीत होतं, हा मोजणार न्हाई.

७ मार्च, शुक्र.
नोटीस. 'मदतीच्या रकमेत अफरातफर'. आठ दिवसांत खुलासा. चोर म्हणला असता तर थोबाड फोडलं असतं. ह्या शब्दाला कुठं मारू?
जुन्या जालन्यात गेलो, रिटायर उर्दू मास्तरांकडं, शब्दाचा अर्थ विचारायला. (वाटेत एकजण कबुतरं विकत होता. अर्धा तास तिथंच.) मास्तर म्हणे, "दोन अरबी शब्द. इफरात, हद्दीपेक्षा जास्ती. तफरीत, हद्दीपेक्षा कमी. जोडीनं आले इकडं. हिंदीवाल्यांनी त्याची अफरातफरी, म्हंजे पळापळ केली, तुम्ही मराठीवाल्यांनी पैसे खाल्ले."
"मंग चोरीत आन् ह्यात फरक काय?"
"चोर भिंत फोडून येतो, बेटा. ह्याला चाबी आपणच दिलेली असते."

८ मार्च, शनि.
डोकं फिरून राह्यलंय. चाळीस जणांनी चाबी दिली सु.ला. मोजले त्यानं, पिना त्याच्या. आन् शब्द माझ्या नावावर! तोंडावर म्हणलो तसं. तो थंड. "पाकीट शनिवारीच दिलंस, का रात्रभर तुझ्यापाशी होतं?"

९ मार्च, रवि.
वाटूर. वहिनी दारात तूर पाखडत होती. पिना होत्या का?
"व्हत्या की. सुरीनं काढल्या, बोट कापलं."
लिहून देता?
"देते. त्या सुपरवायझर सायबाचा फोन आल्ता, पाकीट कोन्या दिवशी भेटलं म्हणून. मी म्हणलं, ध्यानात न्हाई." मंग माझ्याकडं बघून, "दहाव्याचं सामान उधारीवर आणलं रे भाऊ. सारा दिवस तुझी वाट बघितली. कुठं व्हतास?"
"कुस्त्या बघत होतो."
ती सूप हलवत राह्यली. शिव्या दिल्या असत्या तर बरं.
कागद मीच लिहायला घेतला. पिना लिहिल्या. अकरा हजार लिहिले. पाकीट भेटल्याच्या वाराशी हात थांबला. शनिवार लिहिला तर सुटलो. रविवार लिहिला तर सु. सुटतो.
"काय लिहायचं ते लिही," वहिनी म्हणाली, "मला कुठं वाचता येतं." आन् अंगठ्याला शाई लावून बसली.