डोक्याचा साफ फोटो

आबा, काल माझ्या डोक्याचा स्कॅन काढला. चक्कर येत होती. डॉक्टर म्हणाले, साफ आहे, काळजी करू नका. बाकीचे लोक एवढं ऐकून हसत घरी जातात, मी मात्र विचारलं, पुन्हा कधी काढायचा? सहावीपर्यंत शिकलेला माणूस मी, मला रिपोर्टातलं काय कळणार? पण ‘साफ’ हा शब्द मी एकदा ऐकलेला आहे, तुमच्या शेजारी उभा राहून, गंगापूर रोडच्या दवाखान्यात. नाशकात तेव्हा असलं यंत्र नवंच आलं होतं.

भात निसवायला, लोंब्या धरायला आलं होतं आणि तुमची नात, माझी लेक, तापानं फणफणली. मग झटके आले. मग ती आईलाही ओळखेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डासातून येणारा मेंदूज्वर वाटतोय, मेंदूचा फोटो काढू. फोटो आला तो साफ. मी हात जोडले. तुमचं तोंड मात्र उतरलं. “डोक्यात काय नाय म्हंत्यात. मंग ह्ये बाहेरचं हाय. हरसूलच्या भगताकडं न्यायची.” जीपवाला तुम्ही दारात थांबवूनच ठेवलेला. बाई समजावतायत, “आजोबा, सुरुवातीला फोटोत डाग दिसत नाही कधीकधी. थोडे दिवस थांबा, पुन्हा काढू.” तुम्ही म्हणता, “साफ बी तुमीच म्हनायचं आन् थांबा बी तुमीच! डाग पडंस्तवर वाट बघायची का?” मग माझ्याकडे वळता, “उचल पोरीला.” तुमच्यापुढे मी कधी मान वर केली नव्हती. खाटेचा गज धरून कसाबसा म्हणालो, “नाय नेणार, आबा.” “आन् ती गेली तर?” मी गज तेवढा सोडला नाही.

जीप रिकामी गेली. तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलंत, पण व्हरांडा सोडला नाहीत. तिला झटका आला की नुसते माझ्याकडे बघायचात. ते बघणं मला अजून झोपू देत नाही. दुसरा फोटो बाईंनी खिडकीच्या उजेडात धरला. मेंदूच्या मधोमध, दोन्ही बाजूंना, काळसर डाग. त्या म्हणाल्या, “आमची शंका खरी निघाली. याच्या विषाणूला मारणारं औषध नाही. सूज आणि झटके आवरत राहायचं.” तुम्ही बोट जवळ नेलंत. “ह्योच का त्यो? मंग बाहेरचं नाय?” “नाही, आजोबा.” “येवढ्याशा डासानं?” आणि तिच्या उशाशी जाऊन बसलात. मला म्हणालात, “बरं झालं, तू नेऊ दिली नाय.”

पोर वाचली. जीभ जड राहिली, उजवा हात थरथरतो, पण संसार करते. काल मला यंत्रापर्यंत तिनंच नेलं. तुम्ही पुढच्याच वर्षी गेलात.

तुम्हाला पत्र दुसऱ्यानं वाचून दाखवावं लागायचं. हे मी कोणाच्या हाती देणार नाही. तो डाग बघून मला बरं वाटलं होतं, आबा. लेकीच्या डोक्यात डाग, आणि माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की मी खरा ठरलो.